रुग्णालयातील हिंसा आणि परिचारिकांनी दाखवलेली वाट

रुग्णालयात हाणामारी झाली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीचे शीर्षक बहुधा ठरलेले असते : 'डॉक्टरला मारहाण'. बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात 'या वेळी कक्षातील परिचारिकेलाही धक्काबुक्की करण्यात आली' असे एखादे वाक्य येते आणि बातमी संपते. त्या परिचारिकेने तक्रार नोंदवली का, दुसऱ्या दिवशी ती त्याच कक्षात कामावर आली का, हे वाचकाला कधीच कळत नाही.

वास्तविक रुग्णालयाच्या रचनेतच परिचारिका सर्वांत पुढे उभी असते. डॉक्टर फेरीपुरते येतात, प्रशासकीय अधिकारी आपल्या कार्यालयात असतात. चोवीस तास खाटेजवळ असते ती परिचारिका. भेटीची वेळ संपली हे सांगायचे तिने, खाट रिकामी नाही हे सांगायचे तिने, औषध बाहेरून आणावे लागेल हे सांगायचे तिने, दारूच्या नशेत आणलेल्या जखमी माणसाला सुई टोचायची तिने आणि 'डॉक्टर कधी येणार?' या प्रश्नाला दहाव्यांदा उत्तर द्यायचे तेही तिनेच. ज्या निर्णयांत तिचा काडीचाही वाटा नसतो, त्यांचा राग तिच्यावर निघतो. मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयांत केरळमधून आलेल्या परिचारिका मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या बाबतीत भाषेची अडचण या रागात भर घालते.

हल्ला झाल्यावर गुन्हेगाराला शासन करणे हे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम. ते व्हायलाच हवे. परंतु गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नावर जे खरोखर नवे काम झाले, ते हल्ल्याआधीच्या काळाकडे पाहण्याचे आहे : कक्षात माणसे किती होती, कपडे बदलण्याची जागा कोठे होती, रुग्णाला किती वेळ ताटकळत ठेवले, धोक्याची चिन्हे कोणाला दिसली होती आणि ती कोठे लिहून ठेवली होती का. हे प्रश्न पुढे आणण्यात परिचारिकांचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे त्यांची सुरुवात मुंबईत झाली, पण ती अर्धवट राहिली.

१९७३ : परळचे केईएम

अरुणा रामचंद्र शानबाग ही उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची. परळच्या केईएम रुग्णालयात ती परिचारिका होती आणि कुत्र्यांवर प्रायोगिक शस्त्रक्रिया जेथे चालत, त्या विभागात तिची नेमणूक होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी पाळी संपल्यावर ती तळघरात कपडे बदलण्यासाठी गेली असता त्याच रुग्णालयातील एका सफाई कर्मचाऱ्याने तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला गेला, लैंगिक अत्याचार झाला. मेंदूचा प्राणवायू तुटल्याने तिची दृष्टी, वाचा, हालचाल सारे गेले. ती सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी.

पुढचे सर्वश्रुत आहे. पण दोन गोष्टी मात्र विस्मरणात गेल्या आहेत. पहिली अशी, की आरोपीला जी शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न या गुन्ह्यांसाठी, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात नव्हताच. अरुणाचा विवाह ठरलेला होता. तिची बदनामी होऊ नये म्हणून ती बाब रुग्णालयाने पोलिसांपुढे आणली नाही, असे त्याचे कारण सांगितले जाते. हेतू चांगला असेलही. तथापि संस्थेच्या आवारात संस्थेच्याच कर्मचाऱ्याने केलेल्या हिंसेची नोंद संस्थेने अपुरी ठेवली, हे सत्य त्याने बदलत नाही. त्या काळच्या दंडसंहितेतील बलात्काराच्या व्याख्येत तो प्रकार बसतही नव्हता. ही व्याख्या रुंदावली गेली ती २०१३ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या घटनेनंतर मुंबईच्या परिचारिकांनी केलेला संप. अरुणाला योग्य उपचार मिळावेत आणि परिचारिकांच्या कामाची परिस्थिती सुधारावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. म्हणजे एका बाजूला त्या आपल्या सहकारी मैत्रिणीसाठी उभ्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला, हा एका माणसाच्या क्रौर्यापुरता मामला नाही, कामाच्या जागेचाही आहे, असे सांगत होत्या. लैंगिक छळाला कामाच्या ठिकाणचा प्रश्न म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 'विशाखा' निकालात मान्यता दिली ती १९९७ मध्ये. परिचारिकांना तो चोवीस वर्षे आधी समजला होता.

ऐंशीच्या दशकात अरुणाची खाट रिकामी करून तिला केईएमबाहेर हलविण्याचा प्रयत्न महापालिकेने दोनदा केला. दोन्ही वेळा परिचारिकांच्या विरोधामुळे तो सोडून द्यावा लागला. वॉर्ड क्रमांक चारलगतच्या खोलीत परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिचे सारे केले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या या रुग्णाच्या अंगावर शय्याव्रण नाहीत, याची दखल थेट सर्वोच्च न्यायालयाने घेतली. पिंकी विराणी यांच्या दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने, अरुणाच्या वतीने निर्णय घेण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे मानले आणि याचिका फेटाळली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाचे निधन झाले.

या सेवेचे कौतुक देशभर झाले. संप मात्र फारसा कोणाला आठवत नाही. परिचारिकेची माया समाजाला भावते, तिची मागणी भावत नाही, असाच याचा अर्थ लावावा लागतो. अरुणाच्या कहाणीतून देशात दयामरणाचा कायदा घडला. परिचारिकांच्या सुरक्षित कपडे बदलण्याच्या खोलीचा कायदा घडला नाही.

जिनिव्हाची व्याख्या

परिचारिकांची सर्वांत जुनी जागतिक संघटना म्हणजे १८९९ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद. या परिषदेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि सार्वजनिक सेवेतील कामगारांचा जागतिक महासंघ यांच्यासह २००० मध्ये आरोग्यसेवेतील हिंसेवर एक संयुक्त कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये त्याची मार्गदर्शक चौकट प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या देशांत केलेल्या पाहणीत, मागील वर्षभरात शारीरिक वा मानसिक हिंसेचा किमान एक प्रसंग अनुभवलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रमाण बल्गेरियात ७५.८ टक्के, ऑस्ट्रेलियात ६७.२ टक्के, दक्षिण आफ्रिकेत ६१ टक्के, थायलंडमध्ये ५४ टक्के, तर ब्राझीलमध्ये ४६.७ टक्के आढळले. हा केवळ गरीब देशांचा किंवा गर्दीच्या सरकारी रुग्णालयांचा प्रश्न आहे, हा समज त्यामुळे मोडीत निघाला.

या चौकटीचे महत्त्व आकड्यांइतकेच व्याख्येत आहे. शिवीगाळ, धमकी, सततचा अपमान आणि सहकाऱ्यांकडून होणारी दडपशाही यांनाही हिंसेतच धरण्यात आले. हा भाग परिचारिकांच्या दृष्टीने अडचणीचा होता, कारण बोट त्यांच्या स्वतःच्या व्यवसायाकडेही वळत होते. कनिष्ठ परिचारिकेला साऱ्या कक्षासमोर फैलावर घेणारी इन्चार्ज सिस्टर आणि टाके घालताना हत्यार फेकणारा सर्जन हे दोघेही या व्याख्येच्या कक्षेत येतात. त्या वेळी त्या संघटनेने ही बाब टाळली नाही, हे नोंद घेण्याजोगे आहे.

अभ्यासकांनी पुढे कामाच्या ठिकाणच्या हिंसेचे चार प्रकार रूढ केले. चोरी वा गुन्ह्याच्या हेतूने शिरलेला बाहेरचा माणूस, हा पहिला. रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक, हा दुसरा. सहकारी वा वरिष्ठ, हा तिसरा. आणि कर्मचाऱ्याच्या खासगी आयुष्यातील भांडण रुग्णालयापर्यंत घेऊन येणारी व्यक्ती, हा चौथा. सर्वाधिक प्रसंग दुसऱ्या प्रकारात मोडतात. अरुणावरील हल्ला तिसऱ्या प्रकारातला. दोहोंवरचा उपाय एकच असू शकत नाही, हे या वर्गीकरणामुळे स्पष्ट होते. प्रवेशद्वारावर कितीही पहारा ठेवला तरी ओळखपत्र लावून आत आलेल्याला तो अडवणार नाही.

सहा चिन्हे आणि गोड शब्द

मनोरुग्णालयातील परिचारिकांना मारहाणीचा धोका फार पूर्वीपासून परिचित आहे. 'आज हा रुग्ण बिथरणार' हे अनुभवी परिचारिकेला आधीच कळते, असे सर्वत्र म्हटले जाते. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमजवळच्या ब्रोसेट येथे या जाणिवेला शास्त्राचे रूप मिळाले. रॉजर आल्मविक हे तेथील परिचारक. त्यांनी ब्रिटिश परिचर्या संशोधक फिल वूड्स यांच्यासह २००० च्या सुमारास एक अगदी साधी तपासयादी तयार करून तिची चाचणी घेतली. रुग्ण गोंधळलेला आहे का, चिडचिडा झाला आहे का, दंगा-आरडाओरड करतो आहे का, तोंडी धमकी देतो आहे का, अंगावर धावून जाण्याचा आविर्भाव आहे का, वस्तूंवर राग काढतो आहे का, अशी ही सहा चिन्हे. दिसले तर एक गुण, न दिसल्यास शून्य. बेरीज दोनहून अधिक झाली तर पुढील चोवीस तासांत हल्ल्याचा धोका मोठा मानायचा आणि तयारीला लागायचे. दर पाळीत ही नोंद करायला मिनिटभर पुरते. मनोरुग्ण विभागांबाहेरही अनेक देशांत ती वापरली जाते.

हे साधन दिसते तितके किरकोळ नाही. परिचारिकेच्या 'मला वाटले' या शब्दांना रुग्णालयाच्या उतरंडीत फारशी किंमत नसते. 'गुण चार झाले' याला असते. रात्री दोन वाजता निवासी डॉक्टरला उठवायचे किंवा सुरक्षारक्षक कक्षात बोलवायचा, तर कागदावरचा आकडा उपयोगी पडतो.

ब्रिटनमध्ये याच्या पुढचे पाऊल पडले. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने १९९९ मध्ये 'मुळीच खपवून घेणार नाही' अशा धर्तीची मोहीम सुरू केली होती. भित्तिपत्रके, इशारे, खटल्यांचे आश्वासन असे तिचे स्वरूप होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील मनोरुग्ण परिचर्येचे प्राध्यापक लेन बॉवर्स यांनी वेगळा प्रश्न विचारला : एकसारखेच रुग्ण असूनही काही कक्षांत वारंवार मारामारी होते आणि काहींत होत नाही, ती का? त्यांच्या अभ्यासातून 'सेफवॉर्ड्स' ही पद्धत तयार झाली. दहा कृती, आणि त्यांतील एकही खर्चिक नाही. नकार देताना वापरायचे सौम्य शब्द. वाईट बातमी रुग्णाच्या कानी पडण्याआधी त्याच्याजवळ कोणीतरी असण्याची तजवीज. पाळी बदलताना प्रत्येक रुग्णाविषयी काहीतरी चांगले सांगण्याचा नेम. कक्षात आरडाओरड झाल्यानंतर बाकीच्या घाबरलेल्या रुग्णांना दिलासा देणे, अशा या गोष्टी. पंधरा रुग्णालयांतील ३१ कक्षांत याची रीतसर चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. संघर्षाचे प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. बांधून ठेवणे, कोंडणे, बळजबरीने इंजेक्शन देणे असे प्रकार सुमारे २६ टक्क्यांनी घटले.

पंधरा टक्के म्हणजे काही चमत्कार नव्हे. पण भित्तिपत्रकांनी तेवढेही साधल्याचे कोणी दाखवलेले नाही.

कॅलिफोर्नियाचा नियम

कक्षातले शहाणपण कायद्यात उतरवण्याचे काम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील परिचारिकांनी केले. तेथे रुग्णालय सुरक्षेचा एक कायदा १९९३ पासून होता. संघराज्य सरकारच्या श्रमसुरक्षा विभागाने १९९६ मध्ये आरोग्यसेवेतील हिंसेबाबत मार्गदर्शक तत्त्वेही काढली होती. मात्र ती ऐच्छिक होती, आणि ऐच्छिक गोष्टींचे काय होते हे वेगळे सांगायला नको. ऑक्टोबर २०१० मध्ये, काही दिवसांच्या अंतराने, नापा येथील सरकारी मनोरुग्णालयातील एका महिला कर्मचाऱ्याचा आणि मार्टिनेझ येथील तुरुंगात काम करणाऱ्या एका परिचारिकेचा हल्ल्यात मृत्यू झाला. कॅलिफोर्निया परिचारिका संघटनेने त्यानंतर हा विषय सोडला नाही.

या संघटनेच्या हाती एक अनुभव आधीचा होता. परिचारिका व रुग्ण यांचे किमान प्रमाण ठरवणारा कायदा तिने १९९९ मध्ये संमत करून घेतला होता. तो २००४ पासून लागू झाला. अतिदक्षता विभागात दोन रुग्णांमागे एक, तातडीच्या विभागात चार रुग्णांमागे एक अशी ती बंधने. रुग्णालय-मालकांचा विरोध, गव्हर्नरांची आडकाठी, न्यायालये या साऱ्यांतून हा कायदा टिकला होता. हिंसेचा प्रश्न मनुष्यबळाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, ही जाण त्या लढ्यातून आलेली.

अ‍ॅलेक्स पडिला यांनी मांडलेले विधेयक २०१४ मध्ये संमत झाले व गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. त्याआधारे तयार झालेले नियम १ एप्रिल २०१७ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आले. त्यांचा गाभा असा : प्रत्येक रुग्णालयाने हिंसाप्रतिबंधाचा लेखी आराखडा करावा. तो करताना प्रत्यक्ष खाटेजवळ काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना व त्यांच्या प्रतिनिधींना सहभागी करून घ्यावे. संपूर्ण इमारतीसाठी एकच ठोकळेबाज आराखडा चालणार नाही. प्रसूतिकक्ष, तातडीचा विभाग, वाहनतळ यांचे धोके निरनिराळे असल्याने तपासणीही निरनिराळी हवी. प्रत्येक प्रसंगाची नोंद हिंसा-नोंदवहीत व्हावी आणि ती पाच वर्षे जपावी. शारीरिक बळाचा वापर झालेला प्रसंग ७२ तासांत, आणि गंभीर दुखापत झाल्यास वा बंदूक वापरली गेल्यास २४ तासांत शासनाला कळवावा. पोलिसांना बोलावणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई करण्यास मनाई. आणि शासनाने दरवर्षी या घटनांचा अहवाल जनतेसाठी खुला करावा.

यात हल्लेखोराच्या शिक्षेविषयी अवाक्षर नाही, हे ध्यानात घ्यायला हवे. ती तरतूद इतर कायद्यांत आहेच. हा नियम मालकावर जबाबदारी टाकतो. मारहाण झाली म्हणून त्याला दंड होत नाही. मारहाण होण्याची शक्यता त्याने अभ्यासली नव्हती, किंवा अभ्यासून काही केले नाही, म्हणून होऊ शकतो. कारखान्यातील यंत्राला जाळी बसवली नाही तर मालक जबाबदार, या जुन्याच तत्त्वाचा हा विस्तार आहे.

नोंदवहीचा आग्रह परिचारिकांचाच असावा, यात नवल नाही. नाडी, ताप, लघवीचे प्रमाण, दिलेले औषध हे सारे वेळेवर लिहून ठेवणे हा त्यांच्या व्यवसायाचा पहिला धडा. स्वतःला बसलेली थप्पड मात्र त्या लिहीत नसत. 'हे चालायचेच, कामाचाच भाग आहे' ही समजूत प्रशासनाची जितकी, तितकीच परिचारिकांचीही होती. ती पुसण्यासाठी संघटनेला आपल्याच सदस्यांशी बराच वाद घालावा लागला.

संपूर्ण अमेरिकेसाठी असाच नियम व्हावा यासाठी मांडलेले विधेयक प्रतिनिधीगृहाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये संमत केले. दोन्ही वेळा ते सिनेटमध्ये अडले. खर्चाचे कारण पुढे करून रुग्णालयांच्या संघटनेने त्याला विरोध केला होता.

महाराष्ट्रात काय आहे?

महाराष्ट्राचा कायदा २०१० चा. वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्तींवरील हिंसा आणि संस्थांच्या मालमत्तेची हानी यांना प्रतिबंध करणारा हा अधिनियम नोंदणीकृत परिचारिका आणि परिचर्येच्या विद्यार्थिनी यांनाही संरक्षण देतो. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि मोडतोड झालेल्या मालमत्तेच्या दुप्पट रकमेची भरपाई. करोनाच्या साथीत केंद्राने एप्रिल २०२० मध्ये वटहुकूम काढून साथरोग कायद्यात आणखी कडक शिक्षा घातल्या : गंभीर दुखापतीसाठी सात वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने, हल्ल्यानंतर सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखाने गुन्हा नोंदवावा, असा आदेश काढला.

या तरतुदी आवश्यक आहेत. पण त्या सगळ्या पहिला फटका बसल्यानंतर जाग्या होतात. फुटलेल्या काचेची दुप्पट भरपाई ठरवणाऱ्या अधिनियमात, ती काच फुटण्याआधी रुग्णालयाने काय करायला हवे होते, यावर एकही कलम नाही. कक्षनिहाय धोक्याची तपासणी नाही, सक्तीची नोंदवही नाही, कर्मचाऱ्यांच्या सहभागाने करायचा आराखडा नाही.

मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला भीषण मारहाण झाली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. त्यानंतर सरकारी रुग्णालयांसाठी राज्य सुरक्षा महामंडळाचे अकराशे जवान देण्याचे शासनाने मान्य केले. रुग्णासोबतच्या नातेवाइकांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा विषयही त्या वेळी ऐरणीवर आला. पहारा आणि पास हे दोन उपाय आपल्याकडे दर आंदोलनानंतर पुढे येतात. यांपैकी पासची अडचण कोणतीही परिसेविका सांगू शकेल. सार्वजनिक रुग्णालयातील नातेवाईक हा केवळ भेटीला आलेला माणूस नसतो. स्ट्रेचर ढकलणे, रक्ताची बाटली आणणे, तपासणीचे अहवाल या मजल्यावरून त्या मजल्यावर पोहोचवणे, रुग्णाला भरवणे, कूस बदलणे ही कामे तोच करतो. तो तेथील बिनपगारी कर्मचारी आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीतील सामान्य कक्षात हे प्रमाण असते असे रुग्णालयाची पायरी चढलेला कोणीही म्हणणार नाही. तेव्हा नातेवाइकाला बाहेर ठेवायचे आणि त्याच्या जागी कोणालाच आणायचे नाही, तर वॉर्ड दोन दिवसही चालणार नाही. म्हणून पासची कडक अंमलबजावणी आठवडाभरात ढिली पडते. तिसऱ्या रात्री दमलेला, न जेवलेला, ज्याला कोणी धड माहिती दिलेली नाही असा तो माणूस पुन्हा त्याच परिचारिकेसमोर उभा राहतो.

येथे काही गोष्टी कायद्याची वाट न पाहता अधिसेविकेच्या पातळीवरही होऊ शकतात. शिवीगाळीपासून सर्व प्रसंगांची नोंद करणारी वही प्रत्येक कक्षात ठेवणे; दर महिन्याला ती अधिष्ठात्यांपुढे मांडणे; रात्री एकटीच परिचारिका असलेले कक्ष कोणते याची यादी करणे; वाईट बातमी सांगण्याचे काम पाळीवरच्या परिचारिकेवर न ढकलता ते डॉक्टरांनीच करावे, असा नियम करून घेणे. मारहाण झालेल्या परिचारिकेचीच दुसऱ्या कक्षात बदली करून प्रकरण मिटवण्याची जी रीत आहे, ती बंद करणे हेही त्यातच आले. सहकाऱ्यांकडून होणाऱ्या छळाबाबत तर कायद्याचा आधारही आहे. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात रुग्णालये व शुश्रूषागृहे यांचा कामाची ठिकाणे म्हणून स्पष्ट उल्लेख आहे आणि दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेतील अंतर्गत समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारीच असावी लागते. ती जागा अधिसेविकेकडे आली तर समितीला वॉर्डाची वस्तुस्थिती कळेल.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका प्रशिक्षणार्थी डॉक्टरचा बलात्कार करून खून झाला. रात्रपाळीत विसाव्यासाठी ती सभागृहात गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सुनावणीत अरुणा शानबागचा उल्लेख केला आणि पाळीवरील कर्मचाऱ्यांना विश्रांतीच्या व कपडे बदलण्याच्या सुरक्षित जागा नाहीत, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. २० ऑगस्ट रोजी राष्ट्रीय कार्यदल नेमण्यात आले. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या तत्कालीन अधिष्ठाता डॉ. पल्लवी सापळे यांच्यासह त्यातील सर्व तज्ज्ञ सदस्य नामवंत डॉक्टर होते, पदसिद्ध सदस्य वरिष्ठ अधिकारी होते. परिचारिका त्यांत एकही नव्हती. राज्यांचे कायदे आणि भारतीय न्याय संहिता पुरेशी असल्याने स्वतंत्र केंद्रीय कायद्याची गरज नाही, असे मत या कार्यदलाने नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाला कळवले.